हिरवा वाघ

अण्णा, काल तुमच्या नातवाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. कोपरगावच्या आपल्या दुकानात आता तोच कॉम्प्युटरवर डिझाइन करतो. चित्र मशीनमधून फिल्मवर छापून येतं, ते टी-शर्टवर ठेवून गरम प्रेसखाली दाबलं की झालं; तुमची जाळीची चौकट नाही की रबरी पट्टीनं शाई ओढणं नाही. गेल्या आठवड्यात लग्नाच्या टी-शर्टांवर त्यानं नवरदेवाचा केशरी फेटा हिरवा करून ठेवला. मी दाखवला तरी म्हणाला, "केशरीच तर हाय की." नाही नाही ते मनात येत राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. रंगीत ठिपक्यांत दडवलेले आकडे त्याला काही दिसेनात. शेवटी त्या हसून म्हणाल्या, "ताई, घाबरू नका, हा आजार नाही. काही रंग त्याला जन्मापासूनच वेगळे ओळखता येत नाहीत. बहुतेकदा हे आईकडच्या आजोबांकडून येतं. तुमच्या वडलांना होतं का असं?" मी पटकन "नाही" म्हणाले, आणि बाहेर जिन्यावर येऊन थांबले.

तिथं आठवलं ते असं: मी अकरा वर्षांची आहे. दिवाळी तोंडावर आलीय. तुम्हाला खूश करायचं म्हणून मी दुकानातली मांडणी पुसून काढते, शाईचे डबे उंचीप्रमाणे लावते. दुसऱ्या दिवशी तुम्ही बेलापूरच्या कबड्डी संघाचे पांढरे बनियन छापता, छातीवर वाघाचं तोंड. संध्याकाळी न्यायला आलेले खेळाडू "आवं, वाघ हिरवा कसा?" म्हणून पोट धरून हसतात. ते गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळता. "माझ्या डब्यांला हात लावायला तुला कुनी सांगितलं? पुन्ना दुकानात पाय ठेवायचा न्हाई!" एवढ्या मोठ्यानं तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हता. दोन वर्षं मी दुकानाची पायरी चढले नाही. आपला हात लागला की काम बिघडतं, हे तेव्हापासून मनात धरून बसले. तुमच्यामागं दुकान चालवायला घेतलं, तरी ती धास्ती गेली नाही.

काल त्या जिन्यावर कळलं. तुम्ही शाई रंगावरून नव्हे, डब्याच्या जागेवरून ओळखत होता. तुम्ही रागावला नव्हता, घाबरला होता. रंगाचा धंदा करणाऱ्या माणसानं हे सांगायचं तरी कुणाला?

तुम्ही जन्मभर झाकलेलं मी परत येताना रिक्षात पोराला सांगून टाकलं. तो म्हणाला, "आजोबांनी तसल्या डोळ्यांनी एवढी वर्षं छापलं? लई भारी!" मग म्हणाला, "मला काय, आता रंगाला नंबर असतात. नंबर टाकतो, आन छापायच्या आधी तुला दाखवतो." मला हसू आलं, आणि मग रडूही.

एक मात्र राहिलं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायला धजते आहे. त्या दुपारी मी शाळेतून आले तेव्हा दोरीवर पहिले तीन-चारच बनियन वाळत होते. वाघ हिरवा आहे हे मला दिसलं होतं. तुम्हाला चूक दाखवायची भीती वाटली, आणि मी गुपचूप मागच्या दारानं घरात गेले.