तीनशे फुटांचा बर्फ

६ जानेवारी, सोमवार

सहा इंच पडला. ट्रॅक्टर तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाला. चोक ओढायचा, चावी फिरवायची, इंजिन धरलं की चोक हळूच आत — मनोहरने पलंगावर पडल्या पडल्या शिकवलं, हवेत हात फिरवून.

पन्नास वर्षांचा ट्रॅक्टर. बागेतला, बुटका, पिवळा. पुढे बर्फ फेकायचं यंत्र. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लावायचं, फूल ठेवायचं, एवढाच आजवर माझा संबंध. चालवायचं काम नवऱ्याचं. वर बसले ते या हिवाळ्यात, बहात्तराव्या वर्षी.

ड्राइव्हवे तीनशे फूट. शेवटी उतार, उताराच्या बाजूला चर, मग रस्ता. मला दोन तास लागले. मनोहरला चाळीस मिनिटं लागायची.

आत आले तर म्हणाला, "सेकंड गिअरमध्ये नेलंस. ऐकलं मी."

हसला. बऱ्याच दिवसांनी.

९ जानेवारी, गुरुवार

डॉना आली. हॉस्पिसची नर्स, सोमवारी आणि गुरुवारी येते. डिसेंबरमध्ये मनोहरचे उपचार थांबवले. आता दुखू नये एवढंच बघायचं. घरी ठेवायचं तर ड्राइव्हवे कायम मोकळा हवा, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गाडी दारापर्यंत आली पाहिजे. जमत नसेल तर पेशंटला त्यांच्या सेंटरमध्ये हलवतात. त्यात कमीपणा काही नाही, म्हणाली.

मी मनोहरला शब्द दिला आहे. याच घरात, याच खिडकीशी. त्याने मागितला नव्हता. मी दिला.

११ जानेवारी, शनिवार

यतीनचा फोन, सनीव्हेलहून. आवाज ऑफिसात बोलतो तसा. "आई, यू आर सेव्हंटी-टू." सेंटर चांगलं आहे, वीस मिनिटांवर आहे, त्याने व्हिडिओ बघितला आहे. मी म्हटलं, बाबांचं घर हेच आहे, व्हिडिओ तू बघ. तो म्हणाला, "इट्स नॉट जस्ट मी, आई." आणि पुढे बोलला नाही.

म्हणजे शिवांगी. सुनेचं मत मी विचारलं नव्हतं.

१५ जानेवारी, बुधवार

विवेक आला होता. दोन घरं सोडून राहतो. मूळचा नागपूरचा, रॉचेस्टरला नोकरी. मी ट्रॅक्टर झाकत होते. म्हणाला, "काकू, हे म्युझियमला द्या यार. लोक तिकीट काढून बघतील."

आतून मनोहर — "तुझ्या बॅटरीवाल्या गाडीला आधी कोपऱ्यापर्यंत पोचू दे."

विवेक हसला. मनोहरही हसला, मग बराच वेळ खोकला. जाताना विवेक दारात हळू आवाजात म्हणाला की त्याच्या ओळखीचा एक जण ट्रक घेऊन येतो, पुढे फाळ लावलेला, दहा मिनिटांत सगळं साफ. नंबर टेक्स्ट करतो.

नको म्हटलं. त्याला कारण सांगितलं नाही. इथे लिहिते. इंजिन सुरू असतं तेव्हाच मनोहर शांत असतो. एरवी सारखा कुशी बदलतो. मी बाहेरून खिडकीत बघते — डोळे मिटून, अगदी न हलता पडलेला. गाणं ऐकावं तसा ऐकतो.

२० जानेवारी, सोमवार

रस्ता साफ करणारा सरकारी ट्रक जाता जाता सगळा बर्फ आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी लोटून जातो. दगडासारखा घट्ट. तिथे यंत्राचं पातं अडलं आणि पिन तुटली. बोटाएवढी असते, मऊ धातूची, शिअर पिन म्हणतात. पाकिटातली दुसरी घातली. पाऊण तास गेला.

मनोहरने विचारलं, मध्येच बंद का केलंस? बोटं गारठली म्हटलं. आजाऱ्याला कशाला सांगायचं.

२३ जानेवारी, गुरुवार

दुसरी पिन तुटली. तासाभराने तिसरी. पाकीट संपलं. नवीन यायला आठवडा.

गॅरेजमध्ये मनोहरचे बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत असतात. प्रत्येक झाकणावर त्याचं अक्षर. "पाव इंच, कडक" असा एक डबा. त्यातला एक नेमका बसला. पोलादी. सारखी तुटते तर इतकी मऊ वस्तू घालायचीच कशाला? पान्याने पक्का आवळला. फार बरं वाटलं.

त्याला विचारणार होते. झोपला होता. उठल्यावरही विचारलं नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

आठ इंच. एकदाही थांबले नाही. तासाभरात झालं!

१ फेब्रुवारी, शनिवार

दुखणं वाढलं. औषध पुरत नाही. डॉना सोमवारी जास्त ताकदीचं घेऊन येणार.

सोमवारी वादळ सांगितलं आहे. यतीनचा फोन आला, सेंटरमध्ये आज जागा आहे, वादळाआधी हलवू या. मी म्हटलं, माझ्याकडे ट्रॅक्टर आहे. तो म्हणाला, "बाबांना विचार ना एकदा." मी म्हटलं, मला विचारायची गरज नाही. फोन ठेवला.

३ फेब्रुवारी, सोमवार



सव्वीस इंच. उजाडताच बाहेर पडले. वरून खाली येईपर्यंत अकरा वाजले. उरला तो तोंडाचा ढीग. कंबरेपर्यंत. आत बर्फाचा एक गठ्ठा होता, घमेल्याएवढा. पातं त्यात घुसलं. धाडकन आवाज झाला, आतून दात खाल्ल्यासारखा. इंजिन चालू. पातं बंद. बोल्ट शाबूत होता. आतले गिअर गेले.

फावडं घेतलं. अर्ध्या तासात हातभर जागा झाली.

साडेबाराला डॉना आली. काच खाली करून माझ्याकडे बघत होती. आमच्यामध्ये ढीग. रस्त्यावर गाडी सोडता येईना — मागून बर्फाचा ट्रक येत होता. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चढता येईना. काहीतरी ओरडली. ट्रकच्या आवाजात ऐकू आलं नाही. गेली.

विवेकला फोन केला. त्याच्या ओळखीचा माणूस साडेचारला मोकळा झाला. मग पाचला डॉना परत आली.

साडेचार तास. मनोहर ओरडला नाही. चादरीची कड दातांत धरली होती. मी शेजारी बसून होते आणि माझ्या हातात काहीही नव्हतं.

औषध लागल्यावर मी त्याला बोल्टचं सांगितलं. डोळे मिटलेलेच. म्हणाला, "पिन तुटायलाच असते, शोभना. ती तुटली की बाकीचं वाचतं."

थोड्या वेळाने — "मला विचारायचंस."

६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉनाला चहा दिला. म्हटलं, आता त्या ट्रकवाल्याला लावलंय, पण मनोहरला चैन पडणार नाही. इंजिनचा आवाज ऐकला की त्याला बरं वाटायचं.

तिने कप खाली ठेवला. हे मी सांगायला नको, म्हणाली. मग सांगितलं. गेल्या महिन्यात एकदा ती आली तेव्हा मी खाली उतारावर होते. तिने मनोहरची नाडी बघितली. एकशे वीस. पलंगाची कड त्याने घट्ट धरली होती. तिला वाटलं दुखतंय. तो म्हणाला, ती चराजवळ आहे. तिथे ट्रॅक्टर कलंडतो. मागे एकदा तो स्वतः तिथे उलटला होता, पाय थोडक्यात वाचला. मला सांगितलं नव्हतं.

आणि सेंटरचं. यतीनला जागा बघायला त्यानेच सांगितलं होतं. डिसेंबरमध्ये, पहिल्या बर्फानंतर. वर हेही — आईला माझं नाव सांगू नकोस, तिला वाटेल मला तिच्याजवळ राहायचं नाही.

डॉना गेली. चहा तसाच राहिला. मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

"बोलायचंस," मी म्हटलं.

खिडकीकडे बघत होता.

"तू आत यायचीस तेव्हा नाकाचा शेंडा लाल असायचा," तो म्हणाला. "इतकी खूश असायचीस. कसं बोलणार?"

मग म्हणाला, "इंजिन बंद झालं की मी श्वास घ्यायचो."

डिसेंबरमध्ये मी विचारलं असतं तर ते साडेचार तास आलेच नसते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

यतीनला सांगितलं, जागा बघ. तो म्हणाला, "थँक यू, आई." शिवांगीबद्दल मी जे मनात धरलं होतं त्याबद्दल काय बोलावं कळेना. तिला विचारलंय म्हणून सांग, एवढंच म्हटलं.

सोमवारी जागा आहे. दहाची गाडी. यतीन रविवारी येतोय.

मनोहरला सांगितलं. मान हलवली. दुपारभर झोपला. एकदाही कूस बदलली नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

बॅग भरली. दोन लेंगे, तीन झब्बे, मोजे, चष्मा. तिथे कपड्यांवर नाव लागतं. मार्करने लिहीत होते. म्हणाला, "मराठीत लिही. कोणी चोरणार नाही."

लिहिलं.

संध्याकाळी त्याला विचारलं, तिकडे खिडकी कुठल्या बाजूला हवी? एवढी साधी गोष्ट. विचार करून म्हणाला, पश्चिमेला. यतीनला कळवलं.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी सव्वातीनला मनोहर गेला. इथेच. यतीन विमानात आहे, त्याला अजून माहीत नाही.

उद्याची गाडी कॅन्सल केली.