पुलाखालचा माणूस

आप्पा, तुमचा पुलवाला मी परत आणलाय. त्याच्या कागदावरची एक ओळ अडली आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. देवनागरी तुम्हाला वाचता यायची नाही. आपण घरात मराठी बोलायचो आणि लिहायचो कन्नड. मीसुद्धा शाळेतल्या हिंदीच्या आधाराने मराठी लिहायला अलीकडेच शिकले. हे पत्र हातात पडलं असतं तरी तुम्ही ते नुसतं न्याहाळलं असतं आणि त्यातून आपली एखादी गोष्ट काढली असती.

आम्ही पाच मैत्रिणी रविवारी दुपारी सरस्वतीपुरममध्ये एकीच्या खोलीवर जमून एक खेळ खेळतो. एकजण गोष्ट सांगते, बाकीच्या त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. केलेलं काम जमलं की फसलं ते फासे ठरवतात. कुणाला काय जमतं याचे नियम पुस्तकात छापलेले असतात, पण पुस्तकात नसलेला माणूस आपला आपण घरी तयार करता येतो. तसा मी पुलवाला तयार करतेय. तो पाठ लावून उभा राहिला की त्याच्या मागच्या कुणालाही इजा होत नाही. मात्र तेवढा वेळ त्याला हात उचलता येत नाही, पळता येत नाही, औषधसुद्धा घेता येत नाही. हे सगळं मी एका बैठकीत लिहिलं. मला काही शोधावं लागलं नाही, तुम्ही सांगितलं होतं तसंच उतरवलं.

मी लहान आहे. तुम्ही मेटगळ्ळीच्या कारखान्यातून सायकलवर येता. तिथं सुटे भाग गुंडाळायला रद्दी येते, त्यातली चित्रांची पुस्तकं तुम्ही माझ्यासाठी बाजूला काढता. त्या दिवशी डब्याच्या पिशवीतून एक इंग्रजी कॉमिक निघतं. तेलाचे डाग पडलेलं, शेवटची पानं नसलेलं. आई नाचणीच्या उकडीचे गोळे, मुद्दे, वळतेय. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पान उघडता. एक प्रचंड माणूस, तोंडावर तुमच्या कारखान्यातल्या वेल्डरसारखा मुखवटा, दोन्ही हात वर, डोक्यावर तडकलेला पूल आणि पुलावर बस. "हा पुलवाला," तुम्ही सांगता. "पूल पडायला आला, ह्यानं धरला. बसमधली माणसं उतरायलीत बघ." मी विचारते, किती वेळ धरणार? "एल्लारू, सगळे बाहेर पडेपर्यंत." मग? तुम्ही फाटलेल्या पानाच्या कडेवरून बोट फिरवता. "मग काय, पुट्टी, पुढचं पान कुठल्यातरी बेअरिंगला गुंडाळून गेलं." आई हसते. ती गोष्ट तुम्ही मला किती संध्याकाळी सांगितलीत कोण जाणे. बसमधली माणसं दर वेळी वेगळी असायची. एकदा तर बेट्टदपुरच्या टेकडीवरच्या देवळातून उतरलेली अख्खी जत्रा तुम्ही त्या बसमध्ये भरली होती.

मग मी इंग्लिश मीडियमला गेले. पाचवीत होते, तिथले पहिलेच दिवस. आत्या पोरांना घेऊन आली होती आणि तुम्ही त्यांना पुलवाला सांगत होतात. मी पुस्तक तुमच्या हातातून ओढून घेतलं.

"आप्पा, सुळ्ळु सांगू नका, खोटं आहे हे. तो पूल धरत नाही, पाडतोय. व्हिलन आहे तो. इथं लिहिलंय. तुम्हाला इंग्लिश येतं का?"

आत्या टाळी देऊन हसली. "घे रे! घरातच मास्तरीण आली तुझ्या."

"हौदा? खरंच?" तुम्ही म्हणालात. "मग मी उलटंच बघत होतो की इतके दिवस." तुम्हीही हसलात. पंच्याला हात पुसलेत. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक डब्याच्या पिशवीतून परत गेलं, कुठल्यातरी भागाला गुंडाळलं गेलं असणार. त्यानंतर तुम्ही रद्दीतून पुस्तकं आणायचात, पण माझ्यासमोर ठेवून म्हणायचात, "तूच वाच. तुला येतं." गोष्ट परत सांगितली नाहीत. मी मागितलीही नाही.

माझ्या पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, परीक्षेत तुमच्या छातीत दुखत होतं, हे मला नंतर कळलं. "तिचे पेपर होऊ देत, साकु," असं आईला बजावून ठेवलं होतंत. शेवटचा पेपर देऊन बाहेर आले तर गेटपाशी तुमची सायकल नव्हती, मामा उभे होते. मी पदवीधर झाले तेव्हा आईनं प्रमाणपत्र तुमच्या फोटोखाली ठेवलं. ते इंग्रजीत आहे.

परवाच्या रविवारी मी पुलवाल्याचे नियम मैत्रिणींना वाचून दाखवले. खेळ चालवते ती पुण्याची. ती म्हणाली, "अगं, मर्यादा टाक. तीन फेऱ्या, फार तर चार. किती वेळ धरणार तो?"

"सगळे बाहेर पडेपर्यंत."

"हे काय माप झालं? आणि नंतर त्याचं काय होतं?"

तीच ओळ कोरी आहे. तेवढ्यात दुसरीनं विचारलं, "मूळ कॉमिकमध्ये कोण आहे हा?" मी म्हणाले, "व्हिलन. मी त्याला बदललंय." सगळ्या खूश झाल्या. व्हिलनचा असा माणूस करायचं सुचलं कसं तुला, म्हणाल्या. मी ते कौतुक घेतलं, आप्पा, आणि घरी येईपर्यंत अंगावर मिरवलं.

तीन फेऱ्या मी लिहिणार नाही. कोऱ्या ओळीत काय लिहायचं ते अजून कळत नाही. तुम्ही कधी हात खाली घेतलेत ते मी पाहिलं नाही. पण कागदाच्या खाली, मूळ कल्पना कुणाची, तिथं मी 'एका जुन्या कॉमिकवरून' असं लिहिलं होतं, ते आज खोडलं. त्याचं कारण मैत्रिणींना येत्या रविवारी सांगेन. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. त्या दिवशी आत्यासमोर मी ते पान वाचलंच नव्हतं. त्यातले 'द' आणि 'बस' एवढेच शब्द मला लागले होते.