निजलेला उतार

३ फेब्रुवारी

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. इतिहासात नाही तर निदान इथे तरी त्याची नोंद व्हावी. सुनावणीच्या खोलीत साक्षीदाराला दिलेल्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे! मी मुद्द्यावर आले की ती पुढे डुलते, कंपनीचा वकील खाकरला की मागे. जन्म अर्थशास्त्रात गेला, पण असा समतोल कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता.

बाकी प्रकरण साधं. आमच्या आदिवासी गावामागचा डोंगरउतार कंपनीला खाणीसाठी हवाय. सरकारी कागदात तो ‘पडीक’. पडीक म्हणजे कुणाच्या वापरात नाही — म्हणजे कुणाला विचारायलाच नको. लवादाने हा शब्द मान्य केला की उतार गेला.

४ फेब्रुवारी

शब्दाचं मूळ सापडलं. मोजणीच्या वेळी गावाने सांगितलं होतं, जमीन निजलीय. आम्ही काही पिकं घेतो, मग तिला चार-सहा वर्षं झोपू देतो. दुभाष्याला कंटाळा — लिहून मोकळा झाला ‘पडीक’. त्या एका शब्दावर खाणीचा नकाशा!

गावी आत्याला फोनवर सांगितलं. म्हणाली, त्या दुभाष्याला दुपारचं झोपलेलं कुणी पाहिलं नसेल, नाहीतर त्याच्यावरही खाण खणली असती.

हा टोला ढापण्यासारखा आहे.

५ फेब्रुवारी

ढापला.

वकिलाने अगदी गोड आवाजात विचारलं, मॅडम, झोपलेल्या जमिनीचं उत्पन्न किती?

“वकीलसाहेब, काल रात्री तुम्ही झोपला होता. तेवढ्या वेळापुरतं तुम्हाला पडीक धरायचं का?”

लवादाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

मग मी थट्टा बाजूला ठेवली. निजल्या जमिनीवरचा चारा, मध, सरपण. उठल्यावरचं भरघोस पीक. आणि खालच्या, कधीच न निजणाऱ्या शेतांचं वर्षागणिक घटतं पीक. विश्रांती हीच गुंतवणूक आहे, म्हटलं. वकील कागद गोळा करून खाली बसला. खुर्चीही डुलायची थांबली — किंवा मला कळलं नाही.

१९ फेब्रुवारी

जिंकलो! ‘जमीन वापरात आहे. गावाच्या संमतीशिवाय तिला हात लावता येणार नाही.’ घरात एकटीच मोठ्याने वाचत फिरले.

विद्यापीठातला सहकारी इतकी वर्षं माझ्या कामाला ‘समाजसेवा’ म्हणायचा. आज अभिनंदन करताना ‘सिद्धान्त’ म्हणाला. बढती म्हणायची!

२६ फेब्रुवारी

कंपनीने आता रीतसर भाव पाठवलाय. घसघशीत, माझ्या अंदाजाच्याही वर. गावसभेत वाचून दाखवला, दोन्ही बाजू सांगितल्या आणि जीभ आवरून बसले. हे मला सोपं जात नाही.

आत्याने विचारलं, “आता नाही म्हटलं तर चालतं ना?”

चालतं, म्हटलं.

“मग नाही.”

सगळे हात वर. माझाही.

२ मार्च

आज उतार उठवला, नव्या पिकासाठी. घरटी एका माणसाने एक दिवस राबायचं असतं. वडील गेल्यापासून आमच्या घराचा दिवस आत्याच भरत आलीय, स्वतःचा भरून वर. आज तिच्याआधी पोचले, कुदळ घेतली. तिने पाहिलं आणि सावलीत जाऊन बसली.