आमच्या भिंतीचं तापमान

३ जानेवारी
आधी माफी. वही एक तारखेला आणली, लिहायला आज बसलो. हवाच अशी आहे की काही सुचत नाही. भर थंडीत पंखे चालू. वरचे भाडेकरू तर दिवसभर एसी लावतात. थर्मामीटर विकत घेतला. संकल्प: रोज नोंद.

४ जानेवारी, सकाळी ७
खिडकीत २४. जिन्याकडच्या भिंतीवर ३१. एकाच खोलीत सात अंशांचा फरक, आणि हवामान खात्याला पत्ता नाही. शिक्षण सातवीपर्यंतच झालं, पण नजर आहे.

७ जानेवारी
भिंत ३४. हिचे गुडघे दुखतात म्हणून हिची खाट भिंतीला लावून दिली. फुकटचा शेक. बरं वाटतंय म्हणाली. मग म्हणाली, जळका वास येतो. हिला सगळीकडे वास येतो.

९ जानेवारी
३७. सूनबाईने भिंतीला हात लावला आणि झटकन काढला. म्हणाली, पलीकडे जिन्यात मीटरची पेटी आहे, वायरमनला बोलवा. म्हटलं, हवामान हा वायरमनचा विषय नव्हे. तरी उद्या नक्की बोलावतो, असा शब्द दिला.

१० जानेवारी
बोलावलं नाही. तो ठोकाठोक करणार, नोंदी बिघडणार. हवामान खात्याला चार पानी पत्र टाकलं. भिंतीच्या रंगाला फोड आलेत. पाल दोन दिवस फिरकलेली नाही.

१२ जानेवारी, दुपारी २
४३. ही म्हणाली, भिंत आजारी माणसासारखी कण्हते. कान लावला. बारीक आवाज येतो खरा. वारा असेल.
संध्याकाळी ६. वारा अजिबात नाही. उद्या बघू.

१३ जानेवारी
दुपारी सूनबाईने हिला खाटेवरून अक्षरशः ओढून काढलं. पांघरुणाची कड काळी पडली होती. वायरमन आला. सगळ्यांचे एसी एकाच जुन्या वायरीवर, ती आमच्या भिंतीतून गेलेली, वितळून तिचा लगदा झालेला. त्याने माझी वही पाहिली.
"आजोबा, रोज लिहीत होता, मग कळवलं कोणाला?"
म्हटलं, हवामान खात्याला. तो हसला नाही. हीसुद्धा.

१४ जानेवारी
भिंत २४. खिडकी २४. फरक शून्य.
ही लेकीकडे गेली. जिना एकेक पायरी करत उतरली, माझा हात धरला नाही. हवा कालच्याइतकीच गरम आहे, तरी खोली गार वाटते. दोनदा थर्मामीटर पाहिला. २४च.
पोचलीस का, गुडघे कसे आहेत, जरा लवकर कळव गं.