आर्यनच्या बारशाचे बूट

मी, डॉ. पद्माकर विष्णू साखळकर, वय वर्षे ब्याऐंशी, निवृत्त हाडांचा सर्जन, राहणार ग्लासगो, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवीत आहे. गुडघे गेले, एक डोळा गेला, पण डोकं शाबूत आहे. जीपीने गेल्याच महिन्यात शंभरातून सात-सात वजा करायला लावून खात्री करून घेतली. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही; दबाव आणायला घरात दुसरं माणूस उरलेलं नाही. घराचा आणि बँकेचा इंग्रजी कागद सॉलिसिटरबाईंकडे आहे. हा मराठी कागद त्याला जोडावा, आणि माझी एकुलती एक मुलगी इरावती, राहणार बेसिंगस्टोक, हिने तो शेवटपर्यंत वाचावा.

कलम १. राहते घर इरावतीला. विकायचं तर खुशाल वीक, इरा. मागच्या काचेच्या खोलीचा, कन्झर्व्हेटरीचा, एक कोपरा गळतो, तो गिऱ्हाइकाला आधीच दाखव. लपवलेलं पुढे फार महागात पडतं, ते खाली येईलच.

कलम २. माझे मित्र मुरलीधर ऐनापुरे यांना काहीही नाही. ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं सॉलिसिटरबाईंनी सांगितलं. मी म्हटलं, आनंदाने! इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक असताना या गृहस्थाने माझ्या लेखमालेतली दोन प्रकरणं कापून तिथे अनारशांची रेसिपी छापली होती. साक्षीदाराने फक्त सही बघायची असते, मजकूर वाचायचा नसतो. पण मुरलीधर वाचणारच. वाच बाबा. तुलाही हे कळायला हवं.

कलम ३. लॉफ्टमधली पत्र्याची ट्रंक. ही मला १९९६ साली माझ्या एका पेशंटने, मिस गिलफिलन यांनी दिली. मी त्यांच्या मांडीचा सांधा बदलला होता. त्यांच्या पणजीचा भाऊ विल्यम, विणकराचा मुलगा, ग्लासगोहून जहाजाने अमेरिकेला गेला. तिकडे सरहद्दीवर रेंजर, म्हणजे घोडेस्वार शिपाई, झाला, मग मेक्सिकोच्या लढाईत सैनिक, मग पुन्हा रेंजर. तीस वर्षं घोड्यावर काढली आणि परत काही आला नाही. बहिणीला, मेरीला, पत्रं मात्र लिहीत राहिला. ती पत्रं शंभर वर्षं कुणी धड वाचली नव्हती, कारण टपालखर्च वाचवायला तो एकदा आडवं लिहून त्यावरच पुन्हा उभं लिहायचा. नुसती जाळी दिसायची.

मला त्या माणसाने झपाटलं. मीही एक्काहत्तर साली असाच आलो आणि आईला 'इकडे सर्व क्षेम' लिहीत राहिलो. त्याचं मराठीत चरित्र लिहायचं मी ठरवलं. पण ती जाळी सोडवायची तुझी आई, सुमन. तिने एका पोस्टकार्डाला लांब चीर पाडली होती. ते पत्रावर ठेवून, चिरेतून एकेक ओळ वाचायची आणि मला सांगायची. मी लिहायचो. पाच वर्षं जेवणाच्या टेबलावर हे चाललं. लोक मला अभ्यासक म्हणायचे आणि मी म्हणवून घ्यायचो. चरित्राचं हस्तलिखित छापायचं झाल्यास त्यावर पहिलं नाव सुमन साखळकर हे असावे.

कलम ४. ट्रंकेतले तान्ह्या मुलाचे बूट. हरणाच्या कातड्याचे, वर निळे-पांढरे मणी शिवलेले. मिस गिलफिलन म्हणाल्या होत्या, "हे विल्यमने मेरीच्या मुलीला पाठवले, म्हणजे माझ्या आजीला, आणि ती नव्वद वर्षं जगली."

आता नीट वाच, इरा. तू बाळंतपणाला आमच्याकडे आलीस, आर्यन झाला. आपल्यात बाळाला पहिल्यांदा कोरं काही घालत नाहीत, धडधाकट जगलेल्या मुलाचं वापरलेलं घालतात. मी मंडळात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या नातवाच्या पायात बारशाला नव्वद वर्षं जगलेल्या बाईचे बूट असतील. बारशाच्या चार दिवस आधी तुझ्या आईने त्या बुटांबरोबरचं पत्र सोडवलं. वाचता वाचता थांबली. पोस्टकार्ड तिथेच ठेवून म्हणाली, "अहो, हे बूट घालायचे नाहीत."

विल्यमने लिहिलं होतं की पहाटे त्यांची रेंजरांची तुकडी कोमांची या तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीवर तुटून पडली. पुरुष शिकारीला गेले होते. होत्या त्या बायका आणि पोरं. कुणाला सोडलं नाही. 'बूट पाठवतो आहे. काढले तेव्हा पाय अजून गरम होते. तुझ्या जेनीला बसतील.'

मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट, कुणाला कळणार आहे? आणि हे पत्र पुस्तकात घ्यायचं नाही. माझा माणूस असा नाही." माझा माणूस! जसा काही मी त्याचा वकील. आणि ऐन बारशात, नाव ठेवून झाल्यावर, मी माझ्या हाताने ते बूट आर्यनच्या पायात घातले. मुरलीधरने फोटो काढला. सुमन पुढे आली, सगळ्यांदेखत तिने ते काढले आणि आत घेऊन गेली. तू रडायला लागलीस.

त्यानंतर तिने विल्यमचं एकही पत्र हातात घेतलं नाही. चरित्र तिथेच अडलं.

दीड महिन्याचा असताना आर्यनला मेनिंजायटिस झाला. वाचला, पण उजवा कान गेला. तेव्हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तू तिला म्हणालीस, "तू भर बारशात अपशकुन केलास. माझ्या बाळाला तुझीच दृष्ट लागली." मी शेजारच्या खुर्चीवर होतो. ती माझ्याकडे बघत होती. मला दोन वाक्यं बोलायची होती, इरा. मी कॉफी आणायला गेलो.

अठरा वर्षं तू तिच्याशी कामापुरतं बोललीस. तिच्या शेवटच्या आजारपणात आलीस तेव्हा हॉटेलात उतरलीस. तिने तुला काहीच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी तुझ्या नजरेतून उतरलो असतो. मी भेकड आहे. माणसांची हाडं आयुष्यभर बेधडक कापली, पण हे सांगायला तीनदा फोन उचलला आणि "बाबा, गोळ्या घेतल्यात ना?" ऐकल्यावर हो म्हणून ठेवून दिला.

कलम ५. हे बूट माझे नव्हेत, विल्यमचेही नव्हेत. ते ओक्लाहोमातल्या कोमांची लोकांकडे परत जावेत. पोस्टाने नाही. आर्यनने स्वतः न्यावेत, खर्च माझ्या शिलकीतून. नऊ वर्षांचा असताना त्याने विचारलं होतं, "आजोबा, तुमचा रेंजर चांगला माणूस होता ना?" मी हो म्हणालो होतो. ते उत्तर मी परत घेतो. बूट देताना ते पत्र त्याने वाचून दाखवावे आणि तिथेच ठेवावे. त्या पत्राच्या मजकुराशिवाय विल्यमचं चरित्र छापू नये.

कलम ६. आईचं भिंग आणि चीर पाडलेलं पोस्टकार्ड इरावतीला.

कलम ७. हे शेवटचं. २०१९ साली सुमन गेल्यावर तिच्या कपाटात, शालींच्या खाली, एक पाकीट मिळालं. वर तिच्या अक्षरात 'इराला' एवढंच. आत त्या पत्राचं तिने केलेलं मराठी भाषांतर आहे, आणि खाली तुला लिहिलेली दीड पानं. तारीख आर्यन हॉस्पिटलमधून घरी आला त्या आठवड्याची. पाकीट बंद होतं. मी ते उघडलं, वाचलं, आणि सहा वर्षं माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं. दीड पानांत माझ्याविरुद्ध एक अक्षर नाही.

हे पाकीट मी मृत्युपत्राने देऊ शकत नाही, कारण ते कधी माझं नव्हतं. ते तुझंच आहे. खणाची किल्ली या कागदाला टाचली आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो खरा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

पद्माकर विष्णू साखळकर
ग्लासगो, १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: नीना देवस्थळी, शेजारीण. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: मुरलीधर ऐनापुरे. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचला. बारशाचा तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात वहिनी बूट घालू नका म्हणून हात पुढे करताना दिसतात. तो इराला पाठवतो आहे.