बेकरीवाल्या आजोबांची डावी भुवई

ती. आत्याला नमस्कार,

आधी शुद्धलेखनाची माफी माग म्हणशील, तर मागते. शाळा मी दीड वर्षापूर्वी सोडली, पण ऱ्हस्व-दीर्घ मला त्याच्या आधीच सोडून गेले होते. टाइपही दोनच बोटांनी करते, आणि त्यातलं एक बोट दुसऱ्याने केलेल्या चुका खोडण्यात गुंतलेलं असतं, म्हणून एवढ्याशा पत्राला जेवणाच्या तीन सुट्ट्या गेल्या. तुझा गुडघा कसा आहे? जिना सावकाश उतरतेस ना? (बाबा म्हणतात, ती कसली ऐकतेय. मी म्हटलं, ऐकत असेल. खरं काय ते मला एकटीलाच कळव.) माझं काही काम नाहीये हं, सहज लिहितेय.

तू शब्द टाकलास म्हणून फोटो स्टुडिओवाल्या काकांनी मला ठेवून घेतलं, त्याबद्दल तुझे आभार मी अजून नीट मानलेच नाहीत. बाबांची अट तुला माहीतच आहे, एक जरी तक्रार आली तरी गुपचूप घरी बसायचं. पण मला जागा मिळालीय मागच्या खोलीत. तिथे एक कॉम्प्युटर, एक टेबलफॅन आणि मी. गिऱ्हाइकाला मी दिसत नाही, मला मात्र गिऱ्हाईक एवढं मोठं दिसतं की नाकावरचे खड्डे मोजावेत. पुटकुळ्या पुसायच्या, घामाची चमक घालवायची, उडालेले केस बसवायचे, हे माझं काम. माझ्यासारख्या तोंड लपवणाऱ्या मुलीला दिवसभर दुसऱ्यांची तोंडं बघायला मिळतात, आणखी काय पाहिजे.

आणि आत्या, पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट कळली ती तुला सांगायलाच हवी. सगळे वाकडे आहेत. मी पडद्याला पट्टी लावून बघितलं (काकांनी पाहिलं, पण पट्टी त्यांचीच असल्यामुळे फक्त परत ठेव म्हणाले). एक डोळा खाली, एक गाल भरलेला, नाक तिसरीकडेच. पोस्टातल्या बाई, ज्यांना सगळे वळून बघतात, त्यांचे कान तर दोन वेगवेगळ्या माणसांचे वाटतात. मी आठवीच्या वर्गाच्या फोटोत तोंडावर हात धरून उभी होते, कारण हसले की माझी डावी बाजू वर जाते आणि उजवी जागची हलत नाही. तेव्हा बाकीच्या चाळीस जणींनाही पट्टी लावली असती तर बरं झालं असतं.

मग एक शिवणकामवाल्या ताई आल्या. फोटो बघून म्हणाल्या, ही मी नाहीच, माझं तोंड वाकडं काढलंय. मी आत घाबरून तोच फोटो डावा-उजवा उलटा केला आणि पाठवला. लगेच म्हणाल्या, हां, आता कशी मी दिसते. अगं, माणूस जन्मभर स्वतःला आरशात बघतो, म्हणजे उलटं. सरळ फोटोत त्याला आपलीच ओळख पटत नाही. झालं, मी येईल त्याला उलटा करायला लागले. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि तासाभरात घरच्यांना घेऊन परत यायचं, कारण घरच्यांना सरळ माणसाची सवय असते. शेवटी काकांनी वैतागून दोन प्रती द्यायला सांगितलं, उलटी गिऱ्हाइकाला, सुलटी घरच्यांना. (याला तक्रार म्हणत नाहीत, असं काकांनी बाबांना सांगितलं. देवमाणूस आहे.)

इथवर ठीक होतं. पण मला वाटलं, भांडण दोन बाजूंचं आहे ना, मग दोन्ही बाजू सारख्याच करून टाकल्या तर? बेकरीला पन्नास वर्षं झाली म्हणून बेकरीवाल्या आजोबांचा दरवाजाएवढा फोटो दुकानात लावायचा होता. काका बाहेरच्या कामाला गेले होते. मी आजोबांची उजवी बाजू उचलली, उलटवली आणि डावीकडे चिकटवली. काय सुरेख बसली म्हणून सांगू. त्या आनंदात मी छापायलाही पाठवला. छापून बाहेर येताना मला दिसलं, की आजोबांना आता दोन तीळ आहेत, एप्रनला दोन खिसे, दोन्हींत एकेक पेन, आणि एका कानातलं ऐकायचं यंत्र दोन्ही कानांत. पुन्हा छापायला कागद नव्हता, आणि बेकरीवाल्या आजी आजोबांना घेऊन दारात उभ्या होत्या.

मला बाहेर यावंच लागलं. आजोबा तर बघतच राहिले. म्हणाले, छान दिसतोय की. आजी मात्र चष्मा काढून, पुसून, परत लावून बघत राहिल्या. मला वाटलं, आता तक्रार, आता घर. त्या म्हणाल्या, "दोन्ही कानांत यंत्र असतं तर पन्नास वर्षांत माझं एखादं वाक्य तरी ऐकलं असतं यांनी." मग जरा वेळाने हळूच म्हणाल्या, "आणि भुवई कुठे गेली गं?" यांची डावी भुवई म्हणे खोटं बोलायच्या आधी वर जाते. त्या भुवईवर त्यांनी अख्खा संसार केला. तीच मी पुसून टाकली होती. "हा माणूस देखणा आहे," त्या म्हणाल्या, "पण याच्याशी मी भांडू कशी?"

मला रडूच फुटलं, आणि रडता रडता हसूही आलं, तसं, एका बाजूने. तोंडावर हात धरायचं राहून गेलं. आजींनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, तू अमक्यांच्या घरची ना? तुझी आत्या आमच्याकडे पाव न्यायला यायची, ती अशीच हसायची. एक बाजू आधी हसते, दुसरी विचार करून. आम्ही तिच्यासाठी ताजा पाव बाजूला काढून ठेवायचो, नुसतं ते हसू बघायला. तेवढ्यात काका परत आले, तर त्यांना म्हणाल्या, पोरीला रागावू नका, भुवई परत लावून घ्या म्हणजे झालं. कागद आल्यावर भुवईसकट नवा फोटो छापला, तो दुकानात लागला. दोन यंत्रांचा फोटो आजोबांनी आपल्या खोलीत लावलाय.

आत्या, तू इथल्या माणसांकडे बघून हसायचीस, म्हणून माझी नोकरी राहिली. हे तुला ठाऊक नसणार, म्हणून लिहिलं. त्या दिवशी मी माझ्याही फोटोला तसंच करून बघितलं. दोन डाव्या बाजूंची मी विमा विकायला आल्यासारखी दिसते, दोन उजव्यांची, नंबर चुकलाय हे आत्ताच कळल्यासारखी. दोघीही आपल्या घरच्या वाटत नाहीत.

तुझी भाची

ता. क. शाळा सोडलेल्यांना बाहेरून परीक्षा देता येते. फॉर्म सोबत आहे. पालक म्हणून तू सही करशील का? आणि बाबांशी तूच बोल, ते तुझ्यापुढे मान वर करत नाहीत. वर काही काम नाही लिहिलंय, ते तेव्हा हिंमत झाली नव्हती म्हणून.

ता. क. २. फॉर्मवरचा फोटो माझा आहे. पुसला नाही, उलटवला नाही. फोटोत हसू नये असं फॉर्मवर छापलंय. मी हसले नव्हते. एक बाजू हसलीय, पण तिने मला विचारलं नव्हतं.

ता. क. ३. बँकेच्या दारावर मधमाश्यांनी पोळं केलंय, दोन दिवस मॅनेजर खिडकीतून ये-जा करतायत.