तिघांतल्या दोघांची सही

४ ऑगस्ट

नाही पटलं! पहिल्यापासूनच नाही पटलं. दादा तिकडे परदेशात बसून सांगतो — "बँकेतून पाठवलं की कमिशन कापतात, चार दिवस लटकवतात. हे दहा मिनिटांत पोचतं." काय पोचतं? ना नोट, ना नाणं, ना पासबुक! आईच्या वर्षभराच्या खर्चाचे पैसे — दोन आया, औषधं, व्यायाम करून घेणारी बाई — सगळे त्या डिजिटल नाण्यांत. त्याला पगारच त्यात मिळतो म्हणे.

"बँक कुठली?" — "बँक नाही गं." "मॅनेजर कोण?" — "कोणीच नाही. हजारो कॉम्प्युटरवर एकच हिशेब असतो. एकाने खोटं लिहिलं तर बाकीचे मानत नाहीत." "आणि पैसे भलतीकडे गेले तर तक्रार कुठे करायची?" तर म्हणाला, "गेले की गेले. म्हणून जायला द्यायचे नाहीत."

वा! काय पण सोय!

५ ऑगस्ट

आम्हा तिघा भावंडांना एकेक डबी आलीये, बोटाएवढी. कुठल्याही फोनला लावायची, पिन टाकायचा, बटण दाबायचं — झाली सही. तिघांपैकी दोघांच्या सह्या झाल्या तरच पैसे हलणार. एकट्याला हात लावता येत नाही. दादाला वाटतं केवढी युक्ती केली! मला तर सरळ दिसतंय — दादा आणि धाकटी, झाले की दोन. मी कशाला मग, शोभेला?

डबीवरचे आकडे इतके बारीक की पिन यांनीच टाकून दिला. रंगाचं दुकान नोकरावर सोडून माझ्याजवळ बसले, न चिडता सगळं समजावलं. कोणीतरी आहे बाई आपल्या बाजूचं.

११ ऑगस्ट

पैसे कमी! रात्री होते त्याहून बरेच कमी. धाकटीला फोन केला. आईजवळच बसली असणार, हळू बोलत होती. मी नाही हळू बोलले. "ताई, भाव पडलाय. नाणी तेवढीच आहेत, मोजून बघ." बघितलं. नाणी तेवढीच.

बरं. पण हिला लगेच कसं माहीत भाव पडल्याचं?

१९ ऑगस्ट

औषधवाल्याकडे मी स्वतः गेले. खरंच घेतो की! काउंटरवर चौकोन चिकटवलाय, तो फोनने टिपला, दादाने आणि मी सही केली, त्याच्या फोनवर टिंग झालं. वर थोडे जास्त कापले गेले. "हे कोणाला गेले?" — "व्यवहार नोंदवणाऱ्याला." "म्हणजे कोणाला?" — "कोणालाही, मॅडम." कोणालाही! आणि आयांना हवी रोख. म्हणजे परत नाक्यावरच्या मोबाइल दुकानवाल्याकडे जा, नाणी दे, नोटा घे, तो मधे आपला वाटा कापणार. बँकेचं कमिशन वाचवलं म्हणे.

मी शर्टांच्या कारखान्यात तपासणीला आहे. शर्ट उलटा केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. इथे उलटं करायला काही हातातच येत नाही.

२४ ऑगस्ट

आईकडे जाऊन आले. आता उचलूनच बसवावं लागतं. रात्रीची आया चांगली आहे, कूस बदलून देते, पाठीला तेल लावते. तिचा पगार एकदा चुकला तर ती थांबायची नाही. आईने माझा हात धरून ठेवला. "तुम्ही दोघी भांडताय का गं?" मी म्हटलं, छे! धाकटी पाठमोरी चादर झटकत होती. तिच्या पायात नवीन चपला होत्या.

घरी येऊन यांना चपलांचं सांगितलं. म्हणाले, "तुझी बहीण आहे, मी काय बोलणार? पण लक्ष ठेव."

२ सप्टेंबर

धाकटीची मागणी आली — आयांचा पगार आणि वर काहीतरी. "वर काय?" — "गादी, ताई. हवेची. पाठीला जखमा होतील आईच्या." मी सही रोखली. आधी बिल पाठव म्हटलं. तिने बिल पाठवलं, गादीचा फोटो पाठवला, गादीवर आई. मग केली सही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला तो फोटो बघून. तरी चूक नाही केली. बघायला नको का?

६ सप्टेंबर

हे जेवले नाहीत. दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणतात. विचारलं तर उखडले.

९ सप्टेंबर

मनात पाल चुकचुकतेय. दादा आणि धाकटी काल तासभर बोलत होते. माझा फोन लागला तेव्हा लगेच "ठेवतो". काय शिजतंय? दादाला लिहिलं, "माझ्या सहीशिवाय एक नाणंही हलवू नका." त्याने लिहिलं, "बरं बाई, तुझी सही असेल तेव्हाच मी करीन. शब्द देतो." बसली एकदाची पाचर! यांना दाखवलं. म्हणाले, "हे चांगलं केलंस."

१५ सप्टेंबर

कारखान्यात फोन कपाटात ठेवावे लागतात. दुपारच्या सुट्टीत बघितला — धाकटीचे फोनच फोन. आणि निरोप, "ताई, फोन उचल." आली असेल परत काहीतरी मागायला. नाही उचलला. काढू दे जरा कळ.

१५ सप्टेंबर, संध्याकाळ

सगळे गेले. एकही नाणं नाही. मागणीत लिहिलंय, "आईच्या ऑपरेशनसाठी आगाऊ." कसलं ऑपरेशन? धाकटीच्या नावापुढे — नकार. दादाच्या नावापुढे — सही. माझ्या नावापुढे — सही.

दादा म्हणतो, "धाकटी नको नको म्हणत होती गं. पण तुझी सही दिसली. म्हटलं, ही खात्री केल्याशिवाय करायची नाही. डोळे मिटून दाबलं."

मी केली नाही. डबी घरीच होती, आणि माझा पिन आणखी एकाच माणसाला माहीत आहे. दुकानाला कुलूप आहे. यांचा फोन बंद आहे.

धाकटीला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, तू आधी इकडे ये. आया गेली तर आईला आपण दोघी उचलू."